दहा-दोन आणि पावणेतीन : मोटारीच्या स्टिअरिंगवरील हातांची स्थिती व तिची परिभाषा

१. विषयाचे स्वरूप

कोणतेही शारीरिक कौशल्य शिकविण्याचा प्रश्न हा एका अंगाने भाषेचाही प्रश्न असतो. हाताने करावयाची क्रिया गुरूला शब्दांत बांधावी लागते आणि शिष्याला त्या शब्दांतून ती पुन्हा हातात उतरवावी लागते. या व्यवहारात एक धोका नेहमीच संभवतो. ज्या कारणासाठी एखादे सूत्र बनविले गेले ते कारण नाहीसे होते, परंतु सूत्र मात्र तोंडी राहते. मोटार चालविण्यास शिकविताना उच्चारले जाणारे ‘दहा-दोन’ हे सूत्र या प्रकारचे एक बोलके उदाहरण होय. स्टिअरिंगचे चाक म्हणजे घड्याळाची तबकडी असे मानून डावा हात दहाच्या आणि उजवा हात दोनच्या जागी ठेवावा, असा त्याचा अर्थ आहे. पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेलेला हा पाठ अद्यापही शिकवण्यांतून ऐकू येतो. वस्तुतः आजच्या मोटारीत तो बदलण्यास सबळ कारणे आहेत, आणि ती कारणे समजून न घेता केवळ नवा आकडा पाठ करणेही पुरेसे नाही. ही कारणे, हात फिरविण्याच्या निरनिराळ्या पद्धती आणि त्या सांगण्यास मराठीत उपलब्ध असलेले शब्द यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. कासऱ्यापासून चाकापर्यंत

वाहनाला दिशा देण्याची मराठीतील जुनी शब्दसंपत्ती जनावरांशी निगडित आहे. बैलाला कासरा, घोड्याला लगाम. ‘गाडी हाकणे’ या प्रयोगातील क्रियापदाचे ‘हाक’ या शब्दाशी असलेले नाते उघड आहे. गाडीवानाचे काम निम्मे हाताने आणि निम्मे आवाजाने चाले. मोटारीला हाक ऐकू येत नाही. तिच्या बाबतीत दिशा देण्याचे सर्व काम हातांवर येऊन पडले. तरीही भाषेने जुना धागा सोडलेला नाही. चालक परवान्याच्या कामासाठी भारत सरकारने चालविलेल्या संगणकप्रणालीचे नावही ‘सारथी’ असेच आहे.

आरंभीच्या मोटारींना आज परिचित असलेले चाक नव्हते. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, ती एका दांड्याच्या मुठीने वळविली जात असे. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों यांनी आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी गोल चाक बसविले होते, आणि पुढील काही वर्षांत चाकाचा प्रघात सर्वत्र पडला. वेग वाढला तसा दांडा अपुरा पडू लागला, हे त्याचे कारण. दांड्याच्या लहानशा हालचालीनेही गाडी एकदम वळे आणि रस्त्यातील दगडाचा धक्का थेट हातास बसे. चाकाने हाताची मोठी हालचाल व पुढच्या चाकांची लहान हालचाल असे प्रमाण बांधून दिले.

या चाकाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मात्र पुरतेपणी सुटला नाही. ‘सुकाणू’ हा शब्द अरबीतून आलेला, समुद्रावरचा. ‘सुकाणू समिती’सारख्या लाक्षणिक प्रयोगात तो स्थिरावला, पण गाडीत बसलेला शिक्षक ‘सुकाणू फिरव’ असे म्हणत नाही. नुसते ‘चाक’ म्हणावे तर रस्त्यावर फिरणाऱ्या चाकांशी घोटाळा होतो. व्यवहारात ‘स्टिअरिंग’ किंवा बोलीतले ‘स्टेअरिंग’ हाच शब्द रूढ आहे आणि तोच येथे वापरला आहे.

३. ‘दहा-दोन’ची उपपत्ती

जुन्या मोटारीत स्टिअरिंग मोठ्या व्यासाचे असे. तसे असणे आवश्यकच होते. कारण पुढच्या चाकांवरील सारा भार चालकाच्या बाहूंनी वळवावा लागे. चाकाच्या वरच्या भागात हात ठेवले की खाली ओढताना खांद्याचे बळ आणि हाताचे वजन दोन्ही कामी येत, आणि ओढीचा पल्लाही लांब मिळे. या यंत्राशी ‘दहा-दोन’ हे सूत्र पूर्णतः सुसंगत होते. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये पोलीस चालकांसाठी प्रसिद्ध झालेल्या ‘रोडक्राफ्ट’ या ग्रंथाने प्रतिष्ठित केलेल्या पद्धतीचाही पाया असाच ओढीचा व लोटीचा होता.

यानंतर यंत्रात दोन मोठे बदल झाले. पहिला बदल शक्तिचलित स्टिअरिंगचा. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात त्याची रचना सिद्ध केली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारीतून ती प्रथम बाजारात आली. भारतात ही सोय सामान्य मोटारींपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप ज्या प्रीमियर पद्मिनीने घडविले, आणि जिने २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून शहराचा निरोप घेतला, तिचे चालक अरुंद गल्लीत गाडी वळविताना अंग झोकून स्टिअरिंग ओढत असत. आज तेच काम दोन बोटांनी होते. वर धरून ओढण्याची गरज अशा रीतीने संपुष्टात आली.

दुसरा बदल हवेच्या पिशवीचा, म्हणजे एअरबॅगचा. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी ती सक्तीची झाली. ही पिशवी स्टिअरिंगच्या मध्यभागी घडी करून ठेवलेली असते. जोराची टक्कर होताच ती सेकंदाच्या सुमारे ३० ते ५० सहस्रांशांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, फुगते. ती मऊ उशी नव्हे. फुगत असताना तिचा जोर स्फोटाच्या जातीचा असतो. त्या क्षणी हात चाकाच्या वरच्या भागात असतील तर ते मागे, चालकाच्याच चेहऱ्यावर आदळण्याचा संभव वाढतो. आणि पुढचा बाहू चाकाच्या मध्यावरून आडवा गेलेला असेल तर हाड मोडू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हात नऊ व तीनच्या जागी ठेवावेत आणि छातीचे हाड पिशवीच्या झाकणापासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावे, असा सल्ला दिला आहे.

सारांश, ‘दहा-दोन’ हे सूत्र चुकीचे होते असे नाही. ते दुसऱ्या यंत्राचे होते.

४. नऊ-तीनचे गुण

नऊ व तीन हे चाकाच्या एकाच व्यासाची दोन टोके आहेत. एक हात वर लोटतो तेव्हा दुसरा तितक्याच जोराने खाली ओढतो. दोन समान व विरुद्ध प्रेरणांची ही जोडी चाकाला केवळ फिरविते. बाजूस रेटत नाही. यामुळे वळण सम प्रमाणात मिळते. शिवाय दोन्ही हात न उचलता चाक प्रत्येक बाजूस पाव ते अर्धा फेरा फिरविता येते. शहराबाहेरील रस्त्यावरील बहुतेक वळणांना एवढे पुरेसे असते. हात जागचे हलले नाहीत, तर चाक किती फिरले आहे याचे ज्ञान डोळ्यांना न विचारता हातांनाच होत राहते. अचानक आडवे आलेले जनावर चुकवून गाडी पुन्हा सरळ करावयाची असते तेव्हा हे ज्ञान अतिशय मोलाचे ठरते.

आणखी एक कारण भारतीय मोटारीपुरते आहे. येथे चालक उजवीकडे बसतो आणि गिअरचा दांडा डाव्या हाताला असतो. अर्थात डावा हात वारंवार स्टिअरिंग सोडणार हे गृहीतच धरावे लागते. अशा वेळी उरलेला उजवा हात कोठे आहे याला महत्त्व येते. तो तीनच्या जागी असेल तर दोन्ही दिशांना पुरेसा फिरू शकतो. तो बाराच्या जागी विसावलेला असेल तर हाताचे वजन चाकाला नकळत एका बाजूस ओढते आणि पिशवीच्या वाटेत बाहू आडवा येतो. तो सहाच्या जागी, मांडीवर टेकलेला असेल तर तातडीच्या वेळी त्याची हालचाल मांडीनेच अडते.

पकडीविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पकड हलकी परंतु पूर्ण असावी. आवळून धरल्याने बाहू लवकर थकतात आणि रस्त्याकडून येणारी सूक्ष्म कंपने कळेनाशी होतात. दुसरे असे की, खडबडीत रस्त्यावर अंगठे चाकाच्या आतून अडकवू नयेत, कडेवर टेकवावेत. पुढचे चाक खड्ड्यात किंवा दगडावर आदळले तर स्टिअरिंग झटक्याने फिरते आणि त्याच्या आऱ्यात अडकलेला अंगठा दुखावतो. याच कारणास्तव तळहात वर करून चाक आतून धरण्याची सवयही घातक होय.

ही सारी स्थिती बसण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असताना हात पुढे केल्यास मनगट चाकाच्या माथ्यावर टेकले पाहिजे. म्हणजे नऊ-तीनला हात घेतल्यावर कोपर आपोआप किंचित वाकलेले राहते. कोपर ताठ राहत असेल तर चालक फार दूर बसला आहे, आणि कोपर फासळ्यांना लागत असेल तर फार जवळ.

५. हात फिरविण्याच्या पद्धती

मोठ्या वळणाला एका जागी धरलेले हात पुरत नाहीत. तेव्हा तीन पद्धतींचा उपयोग होतो.

पहिली ओढ-लोट पद्धत. डावीकडे वळावयाचे असल्यास डावा हात चाकावरून बाराच्या दिशेने सरकवावा, तेथे पकड घेऊन चाक सहापर्यंत खाली ओढावे. या वेळी उजवा हात पकड ढिली करून आपल्या बाजूने सहाकडे सरकत येतो. मग पकड उजव्या हाताची, आणि तो चाक वर लोटू लागतो; डावा पुन्हा बाराकडे सरकतो. उजव्या वळणाला हाच क्रम उलट. या पद्धतीत कोणताही हात आपला अर्धा भाग ओलांडत नाही, त्यामुळे बाहू एकमेकांत अडकत नाहीत व पिशवीच्या वाटेत आडवे येत नाहीत. तिच्यातील उणीव म्हणजे मंदपणा.

दुसरी पद्धत हातावर हात टाकण्याची. डाव्या वळणात उजवा हात चाक तीनपासून बारावरून पलीकडे नेतो, डावा हात सुटून उजव्याच्या वरून माथ्यापाशी नवी पकड घेतो व खाली ओढतो. ही जलद आहे. गाडी उभी करताना, चौकात सावकाश वळताना ती सोयीची पडते. मात्र तिच्यात हात काही क्षण चाकाच्या मध्यावरून जातात, म्हणून वेगात तिचा अवलंब करू नये. ब्रिटनमधील चालक परीक्षेत हात ओलांडले एवढ्याच कारणाने उमेदवारास नापास केले जात नाही; ताबा राहिला की नाही हे पाहिले जाते. ‘रोडक्राफ्ट’च्या अलीकडील आवृत्त्यांतही ओढ-लोट पद्धतीच्या जोडीला हात न सरकविता चाक फिरविण्याच्या पद्धतीला स्थान मिळाले आहे. कोणतीही एक पद्धत सर्व प्रसंगी श्रेष्ठ मानण्याचे दिवस आता उरले नाहीत.

तिसरी पद्धत एका हाताची. ती केवळ मागे जाताना क्षम्य आहे. भारतीय मोटारीत चालक डाव्या खांद्यावरून मागे पाहतो, उजवा हात बाराच्या जागी ठेवतो आणि गाडी पायी चालण्याच्या वेगाने मागे नेतो.

चालक परवान्याच्या चाचणीत काढावयास लावण्यात येणाऱ्या ‘आठच्या आकड्या’त पहिल्या दोन पद्धतींची कसोटी लागते, कारण डावे वळण संपते न संपते तोच उजवे सुरू होते. या आठचा आकार देवनागरी नाही, इंग्रजी आकड्याचा आहे. देवनागरी आठ काढला तर गाडी आरंभस्थानी परतणारच नाही. तरीही मराठी शिकाऊ चालक या ‘आठ’ने गोंधळत नाही. परिभाषा रूढ झाली की तिच्यामागील चित्र न पाहताही ती काम देते, याचे हे उदाहरण. तिचे बळ यातच आहे, आणि धोकाही यातच.

६. ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’

वळण पूर्ण झाल्यावर चाक मूळ जागी आणणे हा कौशल्याचा उत्तरार्ध होय. पुढच्या चाकांची मांडणीच अशी असते की गाडी चालू असताना ती आपोआप सरळ होऊ पाहतात आणि त्यांच्याबरोबर स्टिअरिंगही परत फिरते. शिकविणारा येथे ‘आता सोड’ असे म्हणतो. मराठीतील ‘सोडणे’ या क्रियापदाचे येथे दोन अर्थ संभवतात. एक, पकड ढिली करून चाक बोटांमधून सरकू देणे. दुसरा, हात काढून घेणे. शिक्षकाला पहिला अभिप्रेत असतो, शिकाऊ माणूस पुष्कळदा दुसरा घेतो. बोर घाटासारख्या चढणीवरील तीव्र वळणात हात काढून घेतलेले चाक जोराने परत फिरते, सरळ स्थिती ओलांडते आणि गाडी विरुद्ध बाजूस झेपावते. पहिल्या अर्थासाठी पतंगाच्या खेळातला ‘ढील देणे’ हा निःसंदिग्ध प्रयोग मराठीत तयार आहे. ढील देणाऱ्याच्या हातातून मांजा सरकतो, पण निसटत नाही. ‘चाकाला ढील दे’ असे सांगितल्यास दुसरा अर्थ निघण्यास जागाच राहत नाही.

‘सोडणे’चे अकर्मक रूप ‘सुटणे’. अपघाताच्या वृत्तांत ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटला’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरजही कोणास भासत नाही. या वाक्यात कर्ता ताबा आहे, चालक नव्हे. घडलेली गोष्ट आपोआप घडल्यासारखी मांडली जाते. काही प्रसंगी ते यथार्थही असते. परंतु पुष्कळदा ताबा सुटण्यापूर्वी हात सुटलेला असतो. तो दूरध्वनीकडे गेलेला असतो, खिडकीच्या कडेवर टेकलेला असतो, मांडीवर विसावलेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर अशा वेगात टायर फुटला तर गाडी तत्क्षणी एका बाजूस ओढू लागते. त्या वेळी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवणे, जोराने ब्रेक न दाबणे आणि वेग आपोआप उतरू देणे हाच उपाय आहे. दुसरा हात चाकापर्यंत आणण्यास एक सेकंद लागला, तर उपाय २८ मीटर उशिरा सुरू होतो.

७. मराठी सूत्र

नऊ-तीनची स्थिती मराठीत कशी सांगावी? ‘नऊ-तीन’ हे सूत्र वापरण्यास हरकत नाही. परंतु इंग्रजीत हीच स्थिती ‘तीनला पाव कमी’ अशा वेळेच्या नावानेही सांगतात, आणि मराठीत त्या वेळेला ‘पावणेतीन’ हा एकच शब्द आहे. ‘पाऊण’, ‘पावणे’ ही रूपे संस्कृत ‘पादोन’ म्हणजे ‘पाव कमी’ यावरून आलेली आहेत. जसे ‘सपाद’वरून ‘सव्वा’. पावणेतीन वाजता मोठा काटा नऊवर असतो आणि लहान काटा तीनच्या ७.५ अंश अलीकडे. म्हणजे उजवा हात आडव्या रेषेच्या किंचित वर येतो, व तेवढा फरक चालविण्यास बाधक नाही. ‘दहा-दोन’ हे दोन सुट्या जागांचे नाव आहे. ‘पावणेतीन’ हे दोन्ही काट्यांच्या परस्परसंबंधाचे एक नाव आहे. दोन हातांनी मिळून करावयाचे काम एका शब्दात सांगणे अधिक योग्य होय. काट्यांचे घड्याळ ज्यांच्या नित्य वापरात नाही अशा तरुणांना मात्र तबकडी एकदा काढून दाखवावी लागेल.

तथापि सूत्र कितीही सोयीचे असले तरी त्याला कारणाची जोड हवी. आजच्या मोटारीत ‘पावणेतीन’ योग्य आहे, कारण स्टिअरिंग हलके झाले आहे, त्याच्या मध्यभागी पिशवी आहे आणि डावा हात गिअरसाठी मोकळा करावा लागतो. यांपैकी एखादे कारण पालटले तर हातांची जागाही पुन्हा तपासावी लागेल. शिकाऊ चालकाला जागेबरोबर कारणही सांगितले, तर यंत्र बदलल्यावर त्याचा हात जुन्या शब्दाला चिकटून राहणार नाही.